‘खराब दर्जामुळे वगळले’ : सीटी-एमआरआयवर संशोधन करणाऱ्यांना खुले पत्र

सीटी आणि एमआरआय प्रतिमांवर संशोधन करणाऱ्या सर्व शास्त्रज्ञांना, अभियंत्यांना आणि डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शोधनिबंधांत एक वाक्य हमखास असतं. किती जणांचे स्कॅन घेतले, कुठल्या यंत्रावर घेतले हे सांगून झालं की ते येतं : ‘प्रतिमेचा दर्जा खराब असल्यामुळे इतके स्कॅन अभ्यासातून वगळले.’ वाचणारा पुढे जातो. मी तिथेच अडते, कारण तसे स्कॅन मी रोज काढते. एमआरआय आणि सीटीच्या कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या संगणकावर, बसणारी मी टेक्नॉलॉजिस्ट आहे. काचेपलीकडे पलंगावर कोण झोपलंय ते मला दिसतं. तुमच्यापर्यंत त्या माणसाचा फक्त एक आकडा पोहोचतो, आणि या वाक्यानंतर तोही उरत नाही. हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे.

मागे एक आजोबा आले होते. कंपवाताचे जुने पेशंट. घरात पडले होते आणि त्यानंतर बोलणं अडखळायला लागलं होतं, म्हणून मेंदूचा एमआरआय सांगितला होता. डोक्यावर कॉइलचा, म्हणजे संकेत पकडणाऱ्या अँटेनाचा, पिंजरा बसवला, कानांशी स्पंज खोचले, गुडघ्यांखाली उशी दिली, हातात बेल दिली. “आजोबा, आता अजिबात हलायचं नाही हं,” असं नेहमीचं सांगून झालं. ते म्हणाले, “मी नाही हलत पोरी, हात हलतोय.” खरंच होतं. हाताचा कंप दंडातून खांद्यात, खांद्यातून मानेत चढत होता. पहिला सिक्वेन्स, म्हणजे एका प्रकारच्या चित्रांची मालिका, साडेचार मिनिटांचा. पडद्यावर चित्र उमटलं तर कवटीच्या कडेच्या पाच-सहा सावल्या, एकीमागे एक, पाण्यात खडा टाकल्यावर वलयं उठावीत तशा. दुसऱ्यांदा काढला, तेच. तिसऱ्या वेळी सहकाऱ्याला कन्सोलवर बसवून मी आत गेले आणि सिक्वेन्स संपेपर्यंत आजोबांचा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिले. कंप थांबला नाही, पण उतरला. त्या तिसऱ्या प्रतिमेत कवटीच्या आतल्या बाजूला रक्ताचा पातळ थर ओळखता आला. रिपोर्टच्या शेवटी डॉक्टरांनी ओळ टाकली : हालचालीमुळे तपासणीला मर्यादा आहेत.

आधीचे दोन सिक्वेन्स मी डिलीट केले. आम्ही सगळे तेच करतो. रिपोर्ट देणाऱ्यासमोर फक्त धड चित्रं जावीत म्हणून बिघडलेली मालिका कन्सोलवरूनच काढून टाकायची, हे आम्ही शिकाऊ असल्यापासून करत आलो आहोत. म्हणजे तुम्ही ‘वगळले’ लिहिता त्याच्या कितीतरी आधी वगळणं माझ्या हातून सुरू झालेलं असतं. तुमच्या हाती येणारा साठा आमच्या गाळणीतून आलेला असतो. त्यातून तुम्ही पुन्हा एकदा गाळता. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सगळं मी फक्त तुमच्यावर ढकलतेय असं वाटणार नाही.

तुमच्या कामाबद्दलचा माझा आदर तोंडदेखला नाही. पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली हॉस्पिटलमध्ये निघाला. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचं ते यंत्र. चित्र ८० गुणिले ८० ठिपक्यांचं आणि एका छेदाला साधारण पाच मिनिटं. मेंदूतल्या गाठीची शंका असलेली एक बाई त्या पलंगावर होती आणि गाठ दिसली. ३ जुलै १९७७ रोजी रेमंड डमेडियन यांच्या गटाने एका सहकाऱ्याच्या छातीचा पहिला एमआर छेद काढला, त्याला जवळपास पाच तास लागले. आज सीटीची नळी पाव सेकंदात छातीभोवती एक फेरी मारते. क्ष-किरणांचा एकेक फोटॉन मोजणारे डिटेक्टर २०२१ पासून दवाखान्यांत आलेत. एमआरआयमध्ये १९९९ साली क्लास प्रूसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक कॉइल एकदम वापरून वेळ वाचवायची रीत मांडली. २००७ साली मायकेल लस्टिग, डेव्हिड डोनोहो आणि जॉन पॉली यांनी दाखवलं की संकेतांचा थोडासाच भाग घेऊनही चित्र बांधता येतं. आता न्यूरल नेटवर्क, म्हणजे हजारो उदाहरणांवरून शिकणारे संगणकी प्रोग्राम, तो भाग आणखी कमी करायला निघालेत. सहा मिनिटांचा सिक्वेन्स तीन मिनिटांवर आला म्हणजे काय होतं, ते निबंधातल्या तक्त्यात कळत नाही. पाठीच्या कण्यात गाठ असलेला माणूस उताणा झोपू शकतो तोच मुळी तीन-चार मिनिटं. वाचलेल्या त्या तीन मिनिटांत त्याचा स्कॅन पुरा होतो. ते मी पाहिलंय आणि त्यासाठी तुमचे मनापासून आभार मानते.

म्हणूनच ते वाक्य जास्त लागतं. वेग वाढवण्याचा सगळा खटाटोप ज्यांना पडून राहता येत नाही त्यांच्यासाठी, आणि तो वेग खरोखर उपयोगी आहे का हे तपासायची वेळ आली की नेमके तेच बाहेर.

एमआरआय हलण्यापुढे इतका हळवा का, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील. यंत्राला चित्र थेट मिळत नाही. शरीरातून येणारे रेडिओ लहरींचे संकेत के-स्पेस नावाच्या तक्त्यात ओळीओळीने भरले जातात आणि तक्ता भरला की गणित करून त्यातून चित्र काढलं जातं. त्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीत अख्ख्या चित्राचा अंश असतो. त्यामुळे चौथ्या मिनिटाला माणूस खोकला तर एखादा कोपरा बिघडून भागत नाही, सगळ्या चित्रावर सावल्या पसरतात. सीटीचं काम सेकंदांत उरकतं, पण दम लागलेल्याला पाच सेकंद श्वास रोखणंही जड जातं. शिवाय सीटी पुन्हा काढायचा म्हणजे किरणांचा डोस पुन्हा द्यायचा.

तर मग हलतं कोण? लहान मूल हलतं. कंपवाताचा, स्मृतिभ्रंशाचा पेशंट हलतो. नुकताच अपघात झालेला, वेदनेने कळवळणारा हलतो. श्वास पुरत नाही तो हलतो. बंद जागेची भीती वाटणारा सुरुवातीला दगडासारखा पडून असतो आणि यंत्राचा ठोका बदलला की दचकतो. ज्यांना आमच्या सूचना कळत नाहीत, ऐकू येत नाहीत, ते हलतात. ठणठणीत स्वयंसेवक हलत नाहीत. ‘खराब दर्जा’ हा शब्द प्रतिमेला लावलेला असतो, पण त्याने जे बाजूला पडतात ते बहुतेक करून जास्त आजारी, जास्त म्हातारे किंवा जास्त लहान असतात. आजाराचा अभ्यास करायचा आणि आजाराची तीव्रता जिथे सर्वांत जास्त तीच माणसं गाळायची, याने उत्तर एका बाजूला झुकणारच.

दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. हललेली प्रतिमा तशीच मोजली तर तीही फसवते. मार्टिन रॉयटर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम डोकं हलवायला सांगून स्कॅन काढले. हालचाल वाढली तसं मेंदूच्या करड्या भागाचं मोजमाप कमी भरलं. मेंदू तेवढाच होता, हलल्यामुळे तो आक्रसलेला दिसला. त्याआधी २०१२ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी फंक्शनल एमआरआयबद्दल (यात मेंदूचे कुठले भाग एकत्र काम करतात ते पाहतात) असंच दाखवलं होतं. मुलांच्या मेंदूत जवळच्या भागांतलं नातं घट्ट असतं, लांबच्या भागांतलं सैल असतं आणि वय वाढेल तसं ते पालटतं, असं तोवर बरेच अभ्यास सांगत होते. पॉवर यांनी दाखवलं की डोकं मिलिमीटरच्या काही अंशाने हललं तरी अगदी असाच नमुना तयार होतो. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात, एवढी साधी गोष्ट त्या निष्कर्षात मिसळून गेली होती. हे त्यांनी स्वतःच्याच शाखेबद्दल, स्वतःच्याही आधीच्या कामाला लागू पडेल असं लिहिलं. असं धाडस करणाऱ्या माणसांसमोर मी हे मागणं मांडतेय, याचा मला धीर वाटतो.

म्हणजे ठेवावं तर फसगत, काढावं तर झुकाव. सोपा रस्ता नाही हे मान्य. पण काढून टाकून त्याबद्दल एका वाक्यापलीकडे काहीही न सांगणं, हा जो तिसरा रस्ता सर्रास वापरला जातो त्यात दोन्ही दोष एकदम पदरात पडतात आणि वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही.

न्यूरल नेटवर्क आल्यापासून यात एक नवी काळजी शिरली आहे. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण कन्सोलवर रोज हेच समोर येतं.

जुन्या पद्धतीने काढलेली प्रतिमा बिघडली की बिघडलेली दिसायची. सावल्या, रेघा, करकरीत दाणे. बघताक्षणी कळायचं की यावर विसंबून चालणार नाही. मग मी पुन्हा काढायचे, किंवा डॉक्टर रिपोर्टात तसं नमूद करायचे. यंत्र आपली चूक लपवत नव्हतं. आता थोडक्या संकेतांतून चित्र पुरं करणारं नेटवर्क जे मोजलेलं नाही ते आधी पाहिलेल्या हजारो चित्रांच्या आधाराने भरतं. भरलेली जागा सुबक असते. २०२० साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि फेसबुकच्या गटाने भरवलेल्या फास्टएमआरआय स्पर्धेत मेंदूच्या स्कॅनचे चौपट आणि आठपट वेगाचे नमुने दिले होते. निकाल तपासणाऱ्या रेडिओलॉजिस्टना काही चित्रांत मुळात नसलेल्या रचना उमटलेल्या आढळल्या आणि आयोजकांनी ते अहवालात लपवलं नाही. त्याच वर्षी वेगार्ड आंटुन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आत येणाऱ्या संकेतांत डोळ्याला जाणवणारही नाही एवढा फरक केला तरी काही नेटवर्कची चित्रं कोलमडतात.

हे नेटवर्क शिकतं कशावर? आमच्या आणि तुमच्या गाळणीतून उरलेल्या स्वच्छ स्कॅनवर. मग एके दिवशी त्याच्यासमोर थरथरणाऱ्या हाताचे ते आजोबा येतात. त्यांच्यासारखं काही त्याने कधी पाहिलेलं नसतं. अशा वेळी ते काय करेल, सावल्या दाखवेल की सावल्या पुसून टाकेल? आणि सावल्यांबरोबर कवटीच्या कडेचा रक्ताचा पातळ थरही पुसला गेला तर? हा प्रश्न मला छळतो. कवटीच्या कडेला समांतर धावणारी सावली आणि कवटीच्या कडेला समांतर धावणारा रक्ताचा थर, दोन्ही दिसायला फार लांबचे नाहीत.

सीटीच्या बाबतीत असंच काही दिसून आलंय. डोस कमी करून, दाणेदारपणा नेटवर्ककडून पुसून घेऊन पोटाचे स्कॅन काढले तर चित्र डोळ्याला आधीपेक्षा छान वाटतं, दर्जाचे गुणही चांगले मिळतात. पण यकृतातल्या कर्करोगाच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या आतल्या गाठी त्यात जास्त निसटतात. चित्र सुंदर झालं आणि जे शोधायला स्कॅन काढला तेच हरवलं. माझ्या मते प्रतिमा-संशोधनातली ही अलीकडची सर्वांत मोलाची शिकवण आहे आणि तिच्यावर व्हायला हवी तेवढी चर्चा झालेली नाही.

असं होतं याला तुमच्या मोजपट्ट्याही कारण आहेत. तयार चित्र मूळ चित्राशी किती जुळतं हे सगळ्या ठिपक्यांच्या हिशोबाने मोजतात. सीटीच्या ५१२ गुणिले ५१२ च्या एका छेदात २,६२,१४४ ठिपके असतात. एक ठिपका ०.७ मिलिमीटरचा धरला तर चार मिलिमीटरची गाठ त्यातले जेमतेम पंचवीस-सव्वीस ठिपके व्यापते, म्हणजे दहा हजारांत एक. ती गाठ पार नाहीशी झाली तरी गुण हलत नाहीत. पेशंटच्या दृष्टीने मात्र सगळा स्कॅन त्या पंचवीस ठिपक्यांसाठीच असतो.

साठ्याबद्दलही बोलायला हवं. २०२२ साली बर्कलीच्या एफ्रात शिमरोन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की सार्वजनिक साठ्यातल्या, आधीच प्रक्रिया होऊन गुळगुळीत झालेल्या प्रतिमा कच्चे संकेत समजून वापरल्या की नव्या पद्धतीचे निकाल अवास्तव चांगले येतात. २००७ च्या त्या पायाभूत निबंधाचे लेखक लस्टिगच या कामातही आहेत. यंत्रातून निघालेला खरा कच्चा डेटा ही दुर्मीळ चीज आहे, ते का ते मला माहीत आहे. कन्सोलच्या डिस्कवर तो थोडे दिवस राहतो आणि जागा भरली की नवा डेटा जुन्यावर चढतो. बिघडलेल्या स्कॅनचा तर त्याच संध्याकाळी जातो. त्यामुळे हालचाल दुरुस्त करण्यावरच्या कामांत बऱ्याचदा चांगला स्कॅन घेऊन त्यात संगणकाने हालचाल घातलेली असते. त्या हालचाली नियमबद्ध असतात, इतके मिलिमीटर सरकलं, इतके अंश वळलं. पलंगावरचा माणूस तसा हलत नाही. तो आवंढा गिळतो. त्याला डुलकी लागते, मान हळूहळू एका बाजूला कलते आणि मग तो दचकून जागा होतो. तो रडू आवरत असतो आणि छाती धपापत असते. खाज सुटली म्हणून नाकाशी हात नेता नेता थांबतो, कारण त्याला आठवतं की हलायचं नाही, आणि त्या थांबण्यातच सगळं अंग ताठ होतं.

स्कॅन कुणाचे ते न पाहता मिळतील तिथून गोळा करून काय होतं याचा मोठा धडा कोविडच्या काळात मिळाला. छातीचे एक्स-रे आणि सीटी पाहून कोविड ओळखणाऱ्या यंत्रशिक्षणाच्या पद्धतींचा ढीग आला. केंब्रिजच्या मायकेल रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली २,२१२ निबंधांतून ६२ निवडून बारकाईने तपासले. प्रत्यक्ष पेशंटसाठी वापरता येईल असा त्यांत एकही निघाला नाही. काही ठिकाणी कोविडचे स्कॅन मोठ्या माणसांचे होते आणि कोविड नसलेले लहान मुलांचे. यंत्र मूल आणि मोठा माणूस यांतला फरक शिकलं असणार. ती चित्रं कुणाची होती, हे कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं.

मी मागतेय ते नवीन नाही. औषधांच्या चाचण्यांत गोळी मधेच सोडून दिलेला पेशंटही ज्या गटात घातला होता त्याच गटात मोजतात, नाहीतर औषध आहे त्याहून गुणकारी ठरतं. निदानाच्या अभ्यासांसाठी स्टार्ड नावाची नियमावली आहे. २००३ साली आली, २०१५ साली सुधारली. किती जण आत आले, कुठल्या पायरीवर किती गळले याची आकृती द्या, ज्यांचा निकाल स्पष्ट लागला नाही त्यांचं काय केलं ते लिहा, असं ती सांगते. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणाऱ्या प्रतिमा-अभ्यासांसाठी २०२० साली क्लेम नावाची यादी निघाली. नियम आहेत. माझं म्हणणं एवढंच की ते पाळताना एका वाक्यावर भागवू नका. वगळलेल्यांचं वय काय होतं, आजार किती पुढे गेला होता, ते चालत आले होते की स्ट्रेचरवर, हे ठेवलेल्यांच्या शेजारच्या रकान्यात मांडा. मग वाचणारा स्वतः ठरवेल की निष्कर्ष कुणाला लागू पडतो. आणि जमेल तिथे तीच मोजणी वगळलेले आत घेऊन पुन्हा करून दाखवा. आकडे उतरतील, उतरू द्या. मला नव्या पद्धतीची खरी किंमत त्या उतरलेल्या आकड्यात दिसेल.

नेटवर्क बनवणाऱ्यांना आणखी एक मागणं आहे. चित्रातला कुठला भाग मोजलेला आणि कुठला अंदाजाने भरलेला, किंवा निदान कुठल्या भागाबद्दल यंत्राची खात्री कमी आहे, ते आम्हाला दिसेल असं काहीतरी द्या. अनिश्चितता मोजण्यावर तुमच्यातले बरेच जण काम करतात. ते काम निबंधातल्या आकृतीपुरतं राहतं, कन्सोलपर्यंत येत नाही. पेशंट अजून पलंगावर असताना मला कळलं तर मी पुन्हा काढू शकते. तो घरी गेल्यावर कळून काय उपयोग?

अलीकडची दोन कामं मला शेजारी शेजारी ठेवावीशी वाटतात. फ्रान्समध्ये सॅक्ले इथल्या १३२ टन वजनाच्या इझल्ट चुंबकाने ११.७ टेस्ला एवढ्या चुंबकीय ताकदीवर जिवंत माणसाच्या मेंदूच्या पहिल्या प्रतिमा काढल्या. त्या २०२४ साली जाहीर झाल्या. चार मिनिटांत ०.२ मिलिमीटरचा बारकावा. पाहून डोळे निवतात. पलंगावर निरोगी स्वयंसेवक होते आणि सुरुवात तशीच व्हायला हवी. फक्त इतक्या बारीक मापात श्वासाने होणारी डोक्याची हालचालही मोठी ठरते, त्यामुळे हे यंत्र आजारी माणसापर्यंत पोहोचेल तेव्हा तिथला खरा अडसर चुंबक नसेल, तो माणूस किती स्थिर पडू शकतो हा असेल. दुसरं काम अमेरिकेतल्या येल विद्यापीठातलं, २०२१ चं. ०.०६४ टेस्लाचं, चाकांवर ढकलत नेता येणारं एमआरआय यंत्र त्यांनी अतिदक्षता विभागात थेट खाटेशी नेलं आणि ५० पेशंटचे मेंदू पाहिले. ज्यांना हलवणंच धोक्याचं, ज्यांना आमच्या खोलीपर्यंत आणताच येत नाही, असे पेशंट. चित्रं अंधुक होती, मोठ्या यंत्राच्या पासंगालाही पुरणार नाहीत अशी. पण तोवर प्रत्येक अभ्यासाच्या बाहेर राहिलेली माणसं त्यात आत होती. मला विचाराल तर दोन्ही कामं तितकीच मोठी आहेत, आणि दुसऱ्याचा बोलबाला पहिल्याच्या मानाने फार कमी झाला.

बिघडलेले स्कॅन जपून ठेवण्यात अडचणी आहेत. जागा लागते, संमती लागते, खासगीपणाचा प्रश्न येतो. २०१९ साली मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि ओळख पटवणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातले ८३ टक्के बरोबर जुळवले. तेव्हा ‘नाव काढून टाकलंय’ एवढ्यावर भागत नाही. चेहऱ्याचा भाग पुसणं, साठा कुणाच्या ताब्यात राहील ते ठरवणं, हे सगळं चांगल्या स्कॅनसाठी तुम्ही करताच. तेवढाच काटेकोरपणा खराब स्कॅनसाठी करा. आणि संमती मागताना पेशंटला स्पष्ट सांगा की तुमचा स्कॅन नीट आला नाही तरी आम्हाला तो हवाय. हललो म्हणून ओशाळून बाहेर येणारी माणसं मी रोज पाहते. “माझ्यामुळे बिघडलं का हो?” असं विचारतात. त्यांना हे वाक्य ऐकायला मिळालं तर किती बरं वाटेल.

आमच्याकडूनही काही व्हायला हवं. आजोबांच्या त्या दिवसानंतर मी कन्सोलशेजारी एक वही ठेवली आहे. सिक्वेन्स पुन्हा काढावा लागला की त्यात एक ओळ लिहिते. नाव नाही, नंबर नाही, फक्त वयाचा अंदाज, कुठला भाग, कितव्या मिनिटाला आणि कशाने. तुमच्या कुठल्याही साठ्यात हा रकाना मला सापडला नाही. कालच्या पानावरच्या ओळी अशा आहेत :

सत्तरीच्या पुढे, कंबर. पाचवं मिनिट. पायात गोळा आला.

सहा वर्षं, डोकं. आई आत होती तोवर स्थिर, आई बाहेर येताच हललं. आईला परत बोलावलं, मग पूर्ण झालं.

चाळिशी, पोट. श्वास रोखता येत नाही, न रोखता काढला. दोनदा.

साठीच्या आसपास, मान. शेवटचा सिक्वेन्स सुरू असताना बेल दाबली. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, कुणी आहे ना बाहेर, एवढंच पाहिलं.

तुमच्या पुढच्या अभ्यासाची आखणी कराल तेव्हा स्कॅन काढणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टला बोलवा आणि अशी वही मागा. नसेल तर सुरू करायला सांगा. माझी द्यायला मी तयार आहे.

आपली,
कन्सोलवरची एक टेक्नॉलॉजिस्ट